आधी मागं डिस्क द्या, मग खुशाल 'स्पोर्ट' लिहा

भारतात गाड्या बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या समस्त कंपन्यांच्या प्रॉडक्ट प्लॅनिंग आणि मार्केटिंगवाल्या मंडळींना,

स.न.वि.वि.

पत्रास कारण की परवा परत एकदा शोरूमला जाऊन डोकं फिरवून घेऊन आलो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हे कुठल्याही शोरूममध्ये झालं असतं. एका हॅचबॅकची नवी 'स्पोर्ट' एडिशन आली म्हणून फोन आला होता, शनिवारी हाफ डे टाकून गेलो. गाडी समोर उभी, काळं रूफ, सीटला लाल शिलाई, कॅलिपरला, म्हणजे ब्रेकच्या चिमट्याला, लाल रंग, मागं बम्परला सायलेन्सरची दोन चकचकीत तोंडं. वाकून बघितलं तर दोन्ही तोंडं बंद, नुसतं प्लास्टिक, खरा पाईप आत लपून खाली मान घालून बसलेला. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच. सस्पेन्शनचं विचारलं तर सेल्सचा पोरगा म्हणाला, "सर सस्पेन्शन सेम आहे, पण सनरूफ व्हॉइस कमांडवर उघडतं." मी म्हटलं, अरे मित्रा, मग ह्यात स्पोर्ट काय आहे? तो दोन सेकंद गप्प बसला आणि म्हणाला, "लूक सर."

पोराचा काय दोष, त्याला जे शिकवलं ते तो बोलला. शिकवणारे तुम्ही, म्हणून पत्र तुम्हाला.

आधी मी कोण ते सांगतो. कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्यांना तांबडा-पांढरा आठवतो, पण ह्या गावाला गाडीचा नाद फार जुना आहे. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते तेव्हा दसरा चौकात उभं राहायला जागा नसते, आणि माझं तर स्पष्ट मत आहे की त्यातले निम्मे सोनं लुटायला नाही तर ती गाडी बघायला आलेले असतात. मी पण लहानपणी आबांच्या खांद्यावर बसून तेच बघायला जायचो. तर नाद तिथनं लागला, आणि पोटापाण्याला बीड (कास्ट आयर्न) ओतायच्या धंद्यात आल्यामुळं गाडीच्या पोटात काय असतं तेही कळायला लागलं. म्हणून लाल रंग मारलेला कॅलिपर बघितला की मला आधी हसू येतं आणि मग राग येतो.

ब्रेकचं जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते परफॉर्मन्स गाडी तिथनं सुरू होते, इंजिनपासून नाही.

ब्रेक डिस्क म्हणजे काय तर चाकाबरोबर फिरणारी तबकडी, जिला कॅलिपर चिमटा काढून थांबवतो, आणि ती असते ग्रे आयर्नची, आपलं साधं बीड. त्याच्या आत ग्राफाइटचे बारीक पापुद्रे पसरलेले असतात, ते उष्णता पटकन वाहून नेतात आणि कंपही मारतात, म्हणून जगातल्या बहुतेक गाड्यांच्या डिस्क अजून बिडाच्याच आहेत, त्यात काय रॉकेट सायन्स नाही. आता आंबा घाट उतरताना ब्रेक करतो काय? गाडीच्या वेगाची उष्णता करतो, बस. डिस्क उघडी असते, वारा लागतो, थंड होते. ब्रेकचा दुसरा, जुना प्रकार ड्रम, तो म्हणजे झाकण लावलेलं भांडं, आतली गरमी आतच. एक-दोन वळणं काय वाटत नाही, पण गाडीत चार माणसं, डिकीत सामान आणि सलग उतार असला की मागचा ब्रेक मऊ पडतो, मग सगळा भार पुढच्यांवर. मला माहितीये तुमचे इंजिनिअर काय म्हणणार, की ब्रेकिंगचं बहुतेक काम पुढची चाकंच करतात, मागं ड्रम पुरतो. पुरतो की. ऑफिसला जायला पुरतो, भाजी आणायला पुरतो. पण तुम्ही डिकीच्या झाकणावर 'जीटी' लिहून, दीडशे पीएसचं (म्हणजे दीडशे घोड्यांचं) इंजिन घालून, घाटात शूट केलेली जाहिरात दाखवून गाडी विकता, तिथं पुरतो म्हणून कसं चालेल?

उदाहरणंच देतो म्हणजे कोणी म्हणायला नको की हवेत बोलतोय. फोक्सवॅगनची चाकणला बनणारी व्हर्टस जीटी, माझ्या मते वीस लाखाच्या आतली भारतातली सगळ्यात मजेदार सेडान, १.५ लिटर टर्बो (म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), १५० पीएस, आणि २०२२ ला आली तेव्हा मागं ड्रम. टाटाची अल्ट्रॉझ रेसर, नाव बघा, रेसर! १२० पीएस, सहा गिअर, बॉनेटवर पट्टे, मागं ड्रम. आणि हे जमत नाही असं पण नाही. मारुतीच्या २०१७ च्या बलेनो आरएसला मागं डिस्क होती. ह्युंदाईच्या आय२० एन लाईनला चारही डिस्क आहेत, वर त्यांनी एक्झॉस्ट आणि सस्पेन्शनवर खरंच थोडं काम केलंय, त्याबद्दल त्यांना मार्क. महिंद्राची थ्री एक्स ओ तर स्पोर्टबिर्ट काही म्हणत नाही तरी चारही चाकांना डिस्क देते. म्हणजे प्रश्न पैशाचा नाहीच. दोन कास्टिंग आणि दोन कॅलिपर जास्तीचे लागतात, आणि त्या कास्टिंगचा भाव मला विचारू नका, तो ऐकून तुमच्या सनरूफच्या काचेला लाज वाटेल.

असो. आता इतिहास, कारण तुम्ही लगेच म्हणणार की आम्ही दिल्या होत्या, तुम्ही घेतल्या नाहीत.

हे खरं आहे. ह्या पत्रातलं मला सगळ्यात जड जाणारं वाक्य हेच आहे. २०१५ ला फियाटनं अबार्थ पुंटो आणली, रांजणगावला बनलेली, १.४ टी-जेट इंजिन, १४५ पीएस, २१२ एनएम टॉर्क (म्हणजे ओढायची ताकद), एक्स-शोरूम ९ लाख ९५ हजार. दहा लाखाच्या आत १४५ पीएस! तेव्हाच्या हिशेबानं हा वेडेपणाच होता. मी टेस्ट ड्राइव्ह घेतली, अजून आठवते. क्लच जड, आतलं प्लास्टिक जुनाट, पाचच गिअर, आणि खड्ड्यात गेली की मणक्याला कळायचं. पण टर्बो भरला की जे काय व्हायचं आणि ते हायड्रॉलिक स्टिअरिंग हाताला जे काय सांगायचं, ते मी नंतर त्या पैशात परत अनुभवलेलं नाही. उतरलो, पाय थरथरत होते. घरी आलो. आबांनी एकच प्रश्न विचारला, "ॲव्हरेज किती देते?"

मी डिझेल हॅचबॅक घेतली.

आणि माझ्यासारखेच सगळे. मग वर्षा-दोन वर्षांनी आम्हीच व्हॉट्सॲपवर अबार्थचे फोटो टाकून 'लिजंड', 'अंडररेटेड', 'इंडिया डिझर्व्ह करत नाही' असं लिहीत बसलो. टियागो जेटीपीचं पण तेच, २०१८, टाटा आणि कोइंबतूरचे जयेम मिळून केलेली, ११४ पीएस, मॅन्युअल, ६ लाख ३९ हजार, म्हणजे शेंगदाण्याच्या भावात काजू. किती जणांनी घेतली? बीएस-सिक्स, म्हणजे धुराचा नवा नियम, आला आणि तीही गेली, बलेनो आरएसही गेली. फोक्सवॅगनची पोलो तर बारा वर्षं चाकणला बनली, शेवटी शेवटी १.० टीएसआय (टर्बो) मॅन्युअल म्हणजे काय गाडी झाली होती, आणि २०२२ ला बंद झाल्याबरोबर आम्हाला तिच्यावर प्रेम झालं. आज जुन्या पोलो टीएसआयचा भाव विचारा, विकणारा असा सांगतो जणू खानदानी जमीन विकतोय. आणि टाटांची ती छोटी स्पोर्ट्स कार रेसमो, २०१७ ला जिनिव्हाच्या शोमध्ये फिरत्या स्टेजवर ठेवली, आम्ही मोबाईलचे वॉलपेपर बदलले, ती कधी आलीच नाही. ती तरी आमच्या माथी मारू नका.

तर कबूल. नादी माणूस नवीन गाडी घेत नाही, तो नवीन गाडीवर कमेंट करतो आणि पाच वर्षांनी तीच सेकंडहँड घेतो. मीही २०२१ ला तेच केलं, एक टर्बो पेट्रोल मॅन्युअल, तिसऱ्या हातातली. कुठली ते सांगत नाही, कारण एका साध्या सेन्सरसाठी मी दोन महिने थांबलोय आणि ते कोणाच्या नावावर पडावं अशी इच्छा नाही. पण थांबलो, विकली नाही. ह्यावरनं काय कळायचं ते कळा.

पण साहेब, ह्याची दुसरी बाजू पण बघा ना. जेटीपीला तुम्ही किती वेळ दिला? दीड वर्ष. एवढ्यात तर आमच्याकडं गाडी घ्यायची की नाही ह्याच्यावर घरातलं एकमत होत नाही! आधी भावकीत कोणीतरी घ्यावी लागते, तिनं एक पावसाळा काढावा लागतो, सर्व्हिसला किती आले ते कळावं लागतं, मग बायको हो म्हणते. तुम्ही पहिल्या सहा महिन्यांचा आकडा बघता आणि व्हेरिएंट मारून टाकता, मग पुढच्या वेळेला माणूस म्हणतो नको बाबा, हीपण बंद पडेल, पार्ट कुठनं आणू. म्हणजे आम्ही घेत नाही म्हणून तुम्ही बंद करता आणि तुम्ही बंद करता म्हणून आम्ही घेत नाही. हे चक्र कोणीतरी तोडायला पाहिजे आणि तुमच्याकडं पैसे जास्त आहेत.

२०२५ मध्ये तुम्ही एक वेगळाच डाव खेळलात. मे महिन्यात फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय आली, २४५ पीएस, ५३ लाख, पहिल्या दीडशे संपल्या. ऑक्टोबरमध्ये स्कोडाची ऑक्टेव्हिया आरएस, २६५ पीएस, शंभरच गाड्या, ४९ लाख ९९ हजार, बुकिंग उघडलं आणि बंद झालं. दोन्ही गाड्या भारी आहेत ह्यात वाद नाही. ऑक्टेव्हिया आरएस तर आपल्याकडं २००४ पासनं येते, तेव्हा १.८ टर्बो आणि दीडशे घोडे होते, कॉलेजात असताना बंगळुरू हायवेला एक पिवळी दिसली होती, ती आम्हाला ओव्हरटेक करून गेली त्याच्यावर आम्ही एक आठवडा बोललो. पण तेव्हाची आरएस कष्ट करून, पाच वर्षं पैसे साठवून एखाद्या डॉक्टरला, एखाद्या कारखानदाराच्या पोराला मिळू शकायची. आता पन्नास लाख देऊन पण मिळत नाही कारण शंभरच आणल्यात. त्यात गोल्फवाल्यांनी तर कहरच केला, बुकिंग करताना क्विझ ठेवली! त्रेपन्न लाख खिशात घेऊन आलेल्या माणसाला जीटीआयबद्दल प्रश्न विचारायचे, पास झाला तर पुढं जा. मला ते वाचून इतकं हसायला आलं, आणि खरं सांगू का, थोडं आवडलंही. कारण त्या परीक्षेत मी पैकीच्या पैकी काढले असते. फक्त त्रेपन्न लाखाचा पेपर राहिला असता.

आणि ह्या किमतीत तुमचा सगळाच दोष नाही हे कळतं मला. पूर्ण बनून आलेल्या गाडीवर ७० पासून ११० टक्क्यांपर्यंत कस्टम ड्यूटी, त्याच्या वर ४० टक्के जीएसटी, आणि आपल्या महाराष्ट्रात बाहेरनं आणलेल्या गाडीला २० टक्के रोड टॅक्स, म्हणजे गोल्फचा नुसता आरटीओचा टॅक्स दहा लाखाच्या वर, तेवढ्यात एक बरी हॅचबॅक येते. ब्रिटनबरोबर २०२५ च्या जुलैत करार झालाय, कोट्यापुरती ड्यूटी हळूहळू १० टक्क्यांवर येणार म्हणतात. येऊ दे. पण मिनी कूपर स्वस्त झाली म्हणून शिरोलीतला फौंड्रीवाला काय ती घेणार नाही.

माझं मागणं वेगळं आहे आणि ते अगदी इथलं आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासनं छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्के झाला. चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत. आधी सेस धरून २९ होता. ह्या नियमात हॉर्सपॉवर किती ह्याचा एक शब्द नाही! टर्बो आहे की नाही ह्याचा नाही. म्हणजे १.० टर्बो, १.२ टर्बो, दोन्ही १८ टक्क्यांत. माझ्या माहितीत सरकारनं नकळत एवढी मोठी मेहेरबानी नादी लोकांवर कधी केलेली नाही, आणि तुम्ही त्याचं काय केलंत? किमती कमी केल्याच्या जाहिराती केल्या, बरं केलंत, पण जी गाडी त्या जागेत बसते ती बनवली कोणी नाही.

सामान सगळं तुमच्या गोडाऊनला पडलंय. मारुतीवाल्यांनो, बलेनो आरएसचं १.० बूस्टरजेट तुम्ही फ्रॉन्क्समध्ये घालून विकताय, मॅन्युअलबरोबर विकताय, आणि फ्रॉन्क्स म्हणजे उंच टाचांची बलेनोच आहे की. ते इंजिन परत खाली उतरवा. जपानात तुमचीच स्विफ्ट स्पोर्ट होती, १.४ टर्बो, सहा गिअर, आणि वजन हजार किलोच्या आत, ती तुम्ही आम्हाला कधी दिली नाहीत, कारण १.४ मोठं पडतं, बाराशे सीसीच्या टॅक्समध्ये बसत नाही, ठीक आहे, पटलं. मग १.० ची द्या. नाहीतरी गुरुग्रामला बनलेली पाच दरवाजांची जिम्नी जपानी माणूस रांगा लावून घेतो, चार-पाच दिवसांत पन्नास हजार ऑर्डर आल्या आणि बुकिंग थांबवायला लागलं, आणि इथं आम्ही तिला बघून म्हणतो एवढ्याशा गाडीला एवढे पैसे! (ह्यात पण चूक आमचीच, मान्य.)

टाटावाल्यांनो, तुम्हाला तर काय बोलावं. अल्ट्रॉझ रेसर जून २०२४ ला आणलीत, साडेनऊ लाखापासनं, गाडीचा सांगाडा खरंच दणकट, हायवेला शंभरला अशी चिकटून चालते की बाजूला बसलेल्या आईला झोप लागते. आणि २०२५ च्या मे महिन्यात नवीन अल्ट्रॉझ आणली तर तिच्यात टर्बो पेट्रोल गायब. ज्या सप्टेंबरात टॅक्स कमी व्हायचा होता त्याच्या चार महिने आधी! टायमिंग म्हणतात ते हेच. परत आणा, मागं डिस्क द्या, गिअर लिव्हरचा तो लांबलचक प्रवास कमी करा, आणि 'रेसर' नाव काढा, साधं 'एस' लिहा. नाव मोठं आणि लक्षण खोटं होतं म्हणून लोक हसतात.

महिंद्रा, तुमच्याकडं तर सगळ्यात भारी मसाला आहे. थ्री एक्स ओ मधलं १.२ टर्बो पेट्रोल इंजिन (टीजीडीआय), १३० पीएस, २३० एनएम, चार मीटरच्या आत, बाराशे सीसीच्या आत. हे इंजिन एका बुटक्या हॅचबॅकमध्ये घातलं तर काय होईल ह्याचा विचार करूनच माझी चहाची सुट्टी संपते. पण तुमच्याकडं हॅचबॅकच नाही आणि तुम्ही करणार पण नाही, सगळं उंच पाहिजे. ठीक आहे, मग थ्री एक्स ओच थोडी खाली बसवा, डॅम्पर (म्हणजे शॉकॲब्सॉर्बर) बदला, टायर चांगले द्या. उंच गाडी वाईटच असते असं काय नाही, पण वळणावर तिचं वजन वर असतं आणि माणसाचं पोट कुठं जातं ते आंबोलीला जाऊन बघा.

आता इलेक्ट्रिक. इथं माझ्या ग्रुपमधले निम्मे लोक मला शिव्या घालणार, पण लिहितो. महिंद्राची बीई ६ मी मावसभावाची चालवली, मोठ्या बॅटरीची. २८६ पीएस, पॉवर मागच्या चाकांना, शून्य ते शंभर ६.७ सेकंदात, सत्तावीस लाखाच्या आत, आणि चाकणला बनते. जरा शेजारी ऑक्टेव्हिया आरएस ठेवून बघा, २६५ पीएस, ६.४ सेकंद आणि जवळजवळ दुप्पट पैसे. कागदावर हा विषय संपलेला आहे. आणि रस्त्यावर पण, सिग्नल सुटला की जे डोकं सीटला आपटतं ते आपटतंच, त्याच्यात लिंबूटिंबू काय नाही. उतारावर तर मला ती पेट्रोलपेक्षा शहाणी वाटली, कारण मोटरच गाडी अडवते, बॅटरीत परत करंट जातो, बिचाऱ्या बिडाच्या डिस्कला आराम. फौंड्रीवाला म्हणून हे मला परवडणारं नाही, पण खरं ते खरं.

तरी घरी येताना मी माझ्या जुन्या गाडीत बसलो, दुसऱ्या गिअरला वळण घेतलं, टर्बो भरायला जी अर्धी सेकंद लागते ती लागली आणि मला बरं वाटलं. ह्याचं कारण मला नीट सांगता येत नाही. बीई ६ मध्ये मी गाडीला सांगतो आणि ती करते. माझ्या गाडीत मी सांगतो, ती म्हणते थांब जरा, मग करते, आणि मला ते आधीच ओळखून गिअर खाली टाकायला लागतो. ओळखण्यातच सगळी मजा आहे. आणि स्पीकरमधनं इंजिनचा खोटा आवाज काढायचं मात्र बंद करा कोणीतरी, म्हशीच्या गळ्यात घोड्याचे घुंगरू.

एक कोडं अजून सुटलेलं नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये बीई ६ ची बॅटमॅन एडिशन काढली, ९९९ गाड्या, १३५ सेकंदांत संपल्या. त्याच्यात मोटर तीच, बॅटरी तीच, म्हणजे शेवटी रंग आणि स्टिकरच. मी वर एवढा अर्धा पान स्टिकरवर आगपाखड केली आणि इकडं लोकांनी सव्वादोन मिनिटांत दाखवून दिलं की स्टिकर विकतो. शोरूमचा तो पोरगा बरोबर होता म्हणायचा, "लूक सर."

मोठ्या गाड्यांबद्दल दोनच ओळी, कारण त्या माझ्या आवाक्यातल्या नाहीत आणि ज्यांच्या आवाक्यात आहेत ते माझं पत्र वाचणार नाहीत. बीएमडब्ल्यूची नवी एम५ ७२७ पीएसची आहे आणि २,४०० किलोच्या वर. मर्सिडीजची एएमजी सी६३, जिच्यात एकेकाळी व्ही-एट म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन होतं, तिच्यात पुढं चार सिलिंडर आले, हायब्रिड, ६८० पीएस आणि २,१०० किलोच्या वर. एवढं वजन पळवायला एवढी पॉवर, आणि एवढी पॉवर थांबवायला एवढे ब्रेक, आणि त्या ब्रेकचं परत वजन. उसाच्या ट्रॉलीला रेसिंग इंजिन लावल्यासारखं झालंय. त्याच्यापेक्षा माझदाची एमएक्स-५ बघा, १९८९ पासनं हजार-अकराशे किलोच्या आसपास राहिलीय, पॉवर फार नाही, तरी जगभरात दहा लाखाच्या वर गाड्या विकल्या गेल्या. ती इथं अधिकृत मिळत नाही, म्हणून जास्त लिहीत नाही, त्रास होतो. हां, बीएमडब्ल्यूच्या एम२ ला मात्र सलाम, २०२३ ला भारतात आणताना पण त्यांनी सहा गिअरचा मॅन्युअल ठेवला. कोटीच्या घरातल्या गाडीला क्लच दाबणारं गिऱ्हाईक मिळतं आणि पंधरा लाखाच्या गाडीला 'मॅन्युअलला डिमांड नाही सर' हे मला कोणीतरी समजावून सांगा. क्रेटा एन लाईनला, वेर्ना टर्बोला तुम्ही ठेवलाय, १६० पीएसबरोबर, म्हणजे ह्युंदाईला कोणीतरी घेणारं सापडतंय ना.

आणि एक गैरसमज काढून टाका, की असल्या गाड्या मागणारे म्हणजे रात्री अकराला रंकाळ्यावर सायलेन्सरमधनं फटाक्यासारखे पॉप्स अँड बँग्स करत फिरणारी पोरं. त्यांचा आणि आमचा काही संबंध नाही, उलट त्यांच्यामुळं पोलीस माझ्यासारख्याचा स्टॉक सायलेन्सर पण वाकून बघतात. मला एक्स्प्रेसवेला दोनशे मारायचे नाहीत, शंभरची लिमिट आहे, कॅमेरे आहेत, आणि लायसन्स मला प्यारं आहे. मला पहाटे पाचला आंबा घाटात पन्नास-साठनं जायचंय. चांगली गाडी साठला पण चांगली वाटते, तीच तिची परीक्षा. ज्या गाडीला मजा यायला दीडशे लागतात ती गाडी आपल्या देशात वायाच आहे. आणि ज्यांना खरंच पळवायचंय त्यांच्यासाठी वर्षातनं दोनदा एखादा ट्रॅक भाड्यानं घ्या. चेन्नईला आहे, कोइंबतूरला आहे, आमच्या कोल्हापुरातनं गाडी घेऊन लोक येतील, स्वतःचं डिझेल-पेट्रोल घालून येतील. एका क्रिकेटपटूच्या जाहिरातीच्या पैशात असले किती दिवस होतील.

तर मागणी सरळ आहे. चार मीटरच्या आत, बाराशे सीसीच्या आत टर्बो, १२०-१३० पीएस बास, जास्त नको. वजन अकराशेच्या आत ठेवा, सहा गिअरचा मॅन्युअल, चारही डिस्क, बरे टायर, स्टिअरिंगला जरा जीव. मागच्या सीटवर आई नीट बसली पाहिजे कारण घरात एकच गाडी असते आणि तीच रविवारी जोतिबाला जाते. सनरूफ नको, अँबियंट लाइट नको, व्हेंटिलेटेड सीट नको, वाचलेल्या पैशात डॅम्पर द्या. १२ लाखात बसवा. आणि बाजारात आणली की तीन वर्षं हात लावू नका, लेखी द्या की तीन वर्षं बंद करणार नाही आणि दहा वर्षं पार्ट मिळतील.

माझ्याकडनं मी लेखी देतो. पहिल्या महिन्यात बुक करणार, नवीन, सेकंडहँड नाही. आमच्या ग्रुपमध्ये एकोणीस जण आहेत, त्यातले चौघं खरं बोलतात, ते चौघं पण घेतील. बाकी पंधरा फोटो टाकतील, ते धरू नका.

आबा आता नाहीत. पण ॲव्हरेजचा कॉलम ब्रोशरमध्ये ठेवा, मी बघणारे.

कळावे, लोभ असावा.

शिरोली एमआयडीसीतला एक गिऱ्हाईक

ता.क. शोरूमच्या त्या पोराचा काल फोन आला होता, टेस्ट ड्राइव्हचा फीडबॅक घ्यायला. एक ते पाचमध्ये रेटिंग द्या म्हणाला. मी त्याला पाच दिले. मग म्हणाला, "सर, एक विचारू का, ते मागं डिस्क पाहिजे म्हणालात ना, माझ्या बाईकला आहे बघा."